ज्येष्ठमधाचा पिवळा भाग

सोलापूरच्या गिरणीत, रिंग खात्यात, सिद्राम सरवदे सूत कातणाऱ्या साच्यापुढं उभा असला की त्याचा डावा हात बरगड्यांखाली दाबलेला असायचा. धागा तुटला की तो हात तिथून निघायचा, धागा सांधला की पुन्हा तिथंच जायचा. शेजारच्या साच्यावरचा जालिंदर विचारायचा, “काय सिद्रामदादा, पोट का?”

“पोट न्हाय रं, चूल पेटलीया आत,” सिद्राम म्हणायचा. आणि लगेच, कुणी न विचारता, “पर आमच्या शालनचं त्येच्यावरच चाललंय की काम.”

शालन त्याची थोरली मुलगी. रेल्वे लाइनीपलीकडच्या त्यांच्या वस्तीत मॅट्रिक झालेली मुलं बरीच होती, दोघं-तिघं पदवीधरही होते. पण कोल्हापूरला वसतिगृहात राहून रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली ती एकटीच. परत आली तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता ही बँकेत लागणार. ती लागली वैद्यकीय महाविद्यालयाच्या औषधशास्त्र विभागात, संशोधन सहायक म्हणून. तिथं ती करते काय, हे सांगताना तिच्या आईची, भीमाबाईची, पंचाईत व्हायची. “उंदरं पाळती,” असं एकदा तिनं नळावर सांगितलं आणि बायका खो-खो हसल्या. तेव्हापासून ती “डाक्टरच्या हाताखाली हाय” एवढंच सांगायची.

ते डॉक्टर म्हणजे विभागप्रमुख गुरुबसप्पा हत्तुरे. मूळचे अक्कलकोटकडचे. घरी कानडी, वर्गात इंग्रजी आणि रागावले की मराठी. शालन कामावर आली त्याच आठवड्यात त्यांनी तिच्यापुढं ज्येष्ठमधाची एक कांडी ठेवली.

“हे लहानपणी चघळलंयस?”

“हो सर. खोकला झाला की आई द्यायची.”

“वैद्य पोटाच्या जखमेवरही देतात. पिढ्यान्‌पिढ्या देत आलेत. आता विलायतेत याच मुळीच्या गोड भागापासून एक गोळी केलीय. तिनं अल्सर भरतो, पण कित्येकांच्या पायांवर सूज येते, रक्तदाब चढतो. आपले वैद्य अडाणी नव्हते आणि ते गोरे डॉक्टरही खोटं लिहीत नाहीत. मग?”

शालननं कांडी हातात फिरवली. मोडली तिथं ती आतून हळदीसारखी पिवळी होती. “मग मुळीत एकापेक्षा जास्त द्रव्यं आहेत, सर. एक सूज आणणारं. आणि कदाचित दुसरं एखादं, पोट राखणारं.”

“कदाचित,” सर म्हणाले. “तो ‘कदाचित’ काढून टाकायचा. बास, एवढंच तुझं काम.”

एवढंच काम करण्यात वर्ष उलटून गेलं. मंगळवार पेठेतल्या तिप्पण्णाच्या काष्ठौषधीच्या दुकानातून ज्येष्ठमध यायचं. ते कुटायचं, अल्कोहोलात भिजत घालायचं, गाळायचं, आटवायचं. आटवलेल्या अर्कात आम्ल घातलं की गोड भाग साक्यासारखा खाली बसायचा. वरच्या पाण्यात राहायची ती पिवळी द्रव्यं. फुलांत, पानांत, सालीत सगळीकडं सापडणारी ही द्रव्यं. रसायनवाले त्यांना फ्लेवोनॉइड म्हणतात. ती वेगळी काढणं सोपं नव्हतं. कधी वीज जायची, कधी अर्क करपायचा. पहिल्यांदा तिला वाटलं जमलं, म्हणून तिनं पिवळ्या भागाचा थेंब जिभेवर ठेवून बघितला, तर तो चक्क गोड लागला. म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून.

पंचाहत्तरच्या उन्हाळ्यात एका दुपारी तिनं नळीत पिवळा अर्क घेतला, मॅग्नेशियमच्या फितीचा तुकडा टाकला आणि वरून आम्लाचे थेंब सोडले. नळी फसफसली. पिवळा रंग आधी नारिंगी झाला आणि बघता बघता गडद गुलाबी. फ्लेवोनॉइड असल्याची ही खूण. अर्काचा वेगळा थेंब जिभेवर ठेवला, तर या वेळी गोडीही नव्हती.

पुढची परीक्षा उंदरांवर. उपाशी ठेवलेल्या पांढऱ्या उंदरांपैकी काहींना नुसतं ॲस्पिरिन दिलं, काहींना आधी पिवळा भाग आणि मग ॲस्पिरिन. कुठल्या उंदराला काय मिळालंय हे सरांनी फक्त स्वतःला ठाऊक ठेवलं, म्हणजे बघणाऱ्याच्या डोळ्यांनी पक्षपात करायला नको. शालननं एकेक जठर उघडून भिंगाखाली पाहिलं. काहींच्या आतल्या अस्तरावर काळपट लाल ठिपके होते, जणू खसखस सांडलीय. कुठं कुठं ठिपके मिळून चट्टे झालेले. आणि काही जठरं आतून ओली, गुलाबी, चकचकीत. तिनं सगळ्यांची प्रतवारी लावली आणि मग सर एकेकाला काय दिलं होतं ते सांगू लागले. चट्टेवालं, नुसतं ॲस्पिरिन. चट्टेवालं, नुसतं ॲस्पिरिन. गुलाबी, पिवळा भाग. गुलाबी, पिवळा भाग.

सरांनी चष्मा काढून पुसला. “चलो आतु,” ते कानडीत म्हणाले. छान झालं. मग लगेच इंग्रजीत, “आता हेच पुन्हा कर. आणि झालं की पुन्हा.”

त्या संध्याकाळी शालन घरी आली ती चप्पल न काढताच आत गेली. भीमाबाई भाकरी थापत होती. सिद्राम भिंतीला टेकून बसला होता, पोटाशी उशी धरून.

“आबा, जमलं.”

“काय जमलं?”

तिला मराठीत पटकन सुचेना. मग सुचलं. “गिरणीत ताण्याच्या सुताला खळ लावतात का न्हाय? मागावर घासून सूत तुटू नये म्हणून?”

“सायझिंग. व्हय.”

“तशी पोटालाबी आतनं खळ असती, आबा. बुळबुळीत. जेवण जिरवायला पोटात ॲसिड असतंय, त्ये एवढं कडक की कातडं जाळंल. पर ह्या खळीमुळं पोट सोताला जाळत न्हाय. तुमी डोकं दुखलं की उपाशीपोटी ती पुडी घेत हुता, तिच्यात ॲस्पिरिन हाय. त्येनं खळ निघती. आन् मी जे काढलंय नव्हं, त्ये आदी दिलं की खळ टिकती. उंदरांच्यात टिकली.”

सिद्राम तिच्याकडं बघत राहिला. चाळीस-चाळीस साच्यांचा खडखडाट ऐकून त्याचे कान मंद झाले होते, म्हणून तो माणसांच्या ओठांकडं बघून ऐकायचा. “खळ,” तो स्वतःशी म्हणाला. “बरूबर हाय. लई बरूबर हाय.” दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत अख्ख्या रिंग खात्याला पोटाची खळ समजली.

पण भीमाबाईनं तव्यावरची भाकरी उलटता उलटता सरळ प्रश्न केला, “मग तुज्या आबाला दे की त्ये.”

“आई, अजून उंदरालाच दिलंय.”

“उंदीर मेला का?”

“औशदानं न्हाय मेला. पर रोज, म्हैनाम्हैना दिलं तर काय हुतं ते ठाव न्हाय. आबांचा दाब आदीच चढता हाय. मुळीचा एक भाग दाब वाढिवतो. मी काढलेल्यात त्यो जरासुदीक राहिला न्हाय, ह्याची मला अजून खातरी न्हाय.”

“सोन्यासारकं औशीद हातात, आन् बाप पोट धरून बसतोय,” भीमाबाई म्हणाली आणि तिनं पुढची भाकरी थापायला घेतली. सिद्राम हात धुवायला मोरीवर गेला होता. त्यानं ऐकलं असेल की नाही, शालनला कळलं नाही. त्याला तिनं आधीच दवाखान्यात दाखवलं होतं. एक्स-रेच्या फोटोत जखम दिसली होती. दूध, पांढरं औषध, पुड्या बंद, आणि यानं भागलं नाही तर ऑपरेशन, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. सिद्रामनं पुड्या बंद केल्या. ऑपरेशनचं नाव काढलं की तो बाहेर जाऊन उभा राहायचा.

पावसाळ्यानंतर महाविद्यालयात एक छोटी परिषद झाली. शालननं तिथं आपलं काम वाचून दाखवलं. कुठल्याशा स्थानिक दैनिकाचा वार्ताहर मागच्या रांगेत बसला होता. दोन दिवसांनी मथळा आला: ‘सोलापूरच्या कन्येनं शोधलं अल्सरवर रामबाण औषध’. सोबत शालनचा फोटो. उंदीर हा शब्द बातमीत कुठंच नव्हता.

त्या रविवारी सकाळी दार उघडलं तर अंगणात माणसं उभी. कुणाच्या हातात बाटली, कुणाच्या तांब्या. वस्तीतले होते तसे लांबूनही आलेले होते. एक म्हातारा तर केमहून पहाटेच्या गाडीनं आला होता. सगळ्यांत पुढं शेजारची म्हाळसाबाई. भाजी विकायची. भीमाबाई कामाला गेली की लहानपणी शालन तिच्याच ओट्यावर असायची, तिच्याच ताटातलं खायची.

“दे गं बाई थोडं,” म्हाळसाबाई म्हणाली. “मिरची खाल्ली की जीव जातोय माजा.”

“मावशी, अजून औषध न्हाय झालं ते. पेपरवाल्यानं उगा वाढवून लिवलंय.”

“म्हंजी न्हायच म्हण की.”

शालननं सगळ्यांना पुन्हा पुन्हा तेच सांगितलं. लोक गेले, पण तोंडं पाडून गेले. म्हाळसाबाई रिकामी बाटली पदराखाली धरून गेली आणि त्या दिवसापासून तिनं हाक मारणं सोडलं. नळावर भीमाबाईला कुणी ऐकवलं, “शिकली की मानसं अशीच व्हत्यात.” भीमाबाई भांडून घरी आली. भांडली लोकांशी, पण राग मुलीवरच काढला.

आणि मग तिप्पण्णानं काढा सुरू केला.

तो काही लबाड माणूस नव्हता. ज्येष्ठमध पोटाला चांगलं, हे त्याच्या आज्यापासून त्याला माहीत होतं. महाविद्यालयाच्या बाई आपल्याच दुकानातून ते नेतात आणि आता पेपरात त्याच बाईंचा फोटो. त्याला वाटलं, आपलीच मुळी, आपलाच गुण. त्यानं बातमी कापून दुकानाच्या काचेवर डकवली. ज्येष्ठमध उकळून उकळून दाट केलं, बाटल्यांत भरलं, आणि वर चिठ्ठी लावली: ‘शालन काढा’. गिरण्यांतले, मागांवरचे, बाजारातले लोक रोज नेऊ लागले. गोड होता, प्यायला बरा, आणि पोटाची आग खरंच कमी व्हायची. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतले कामगार पाळी सुटली की सायकली वळवून मंगळवार पेठेत यायचे.

प्रयोगशाळेत ज्येष्ठमध आधीच साठवलेलं, म्हणून शालन काही महिने दुकानाकडं फिरकली नव्हती; तिला हे कळलं ते म्हाळसाबाईच्या पायांवरून. थंडीत एके सकाळी म्हाळसाबाईच्या सुनेनं तिला बोलावलं. म्हातारी अंथरुणावर बसून धापा टाकत होती. पाय सुजून मुसळासारखे झालेले, बोटानं दाबलं की खळगा तसाच राहायचा. उशाशी बाटल्यांची रांग. शालननं एक उचलली, चिठ्ठीवर आपलं नाव वाचलं आणि रांगेतल्या बाटल्या मोजल्या.

“किती पीत होतीस, मावशी?”

“दोन वक्ताला. पोट थंड व्हतंय म्हून तीन वक्ताला.” म्हाळसाबाई दम घेत म्हणाली. “तुजंच नाव व्हतं की त्येच्यावर. म्हनलं तू न्हाय दिलंस तरी तुजंच हाय.”

शालननं तिला टांग्यात घालून दवाखान्यात नेलं. रक्तदाब बघून तिथल्या डॉक्टरांनी भुवया चढवल्या. काढा बंद, औषधं सुरू, दाखल करा. “बरी होईल,” ते म्हणाले. “वेळेवर आणलंत. अजून महिनाभर प्याली असती तर हृदयानं हात टेकले असते.” त्याच वॉर्डात सुजलेल्या पायांचे आणखी दोघं होते. शालननं विचारलं. दोघंही तिप्पण्णाचं गिऱ्हाईक.

संध्याकाळी तिनं घरी सगळं सांगितलं. या वेळी भीमाबाईनं तिला दोष दिला नाही. पोरीनं कशाची भीती धरली होती, ते तिनं म्हाळसाबाईच्या पायांवर बघितलं होतं.

“उद्या मंगळवारचा बाजार हाय,” शालन म्हणाली. “दुकानावर गर्दी असंल. मी जाऊन सांगती सगळ्यांम्होरं.”

“मी येतो,” सिद्राम म्हणाला.

“तुमी कशाला, आबा? पोट दुखतंय तुमचं.”

“येतो म्हनलं की.”

बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. तिप्पण्णाच्या दुकानापुढं माणसांचा घोळका. शालनला बघून तिप्पण्णा गल्ल्यावरून उठला, दोन्ही हात जोडले. “या, बाई! बघा, तुमच्या नावानं कसं चाललंय.”

“मामा, काढा बंद करा,” शालन म्हणाली. आवाज चढवूनच बोलावं लागत होतं. “हे माझं औषध नाही. मी असलं काही काढलेलं नाही. यात मुळीचा गोड भाग सगळा तसाच आहे, तो रोज रोज पोटात गेला की पाणी साठतं, सूज येते, दाब वाढतो. दवाखान्यात तिघं पडलेत.”

“आमच्या आज्यापासून देतो आम्ही ज्येष्ठमध,” तिप्पण्णाचा चेहरा उतरला.

“चिमूटभर देत होते ना आजोबा? की तांब्याभर?”

तिप्पण्णा फळीवरच्या बाटल्यांकडं बघू लागला. पण घोळका ऐकेना. सायकल धरून उभा असलेला एक मागवाला म्हणाला, “म्हंजी पेपरात आलं ते खोटं व्हय?”

“उंदरांपुरतं खरं हाय. आणि तेही वेगळ्या भागाचं. माणसाला देण्याजोगं ते अजून झालेलं नाही.”

“आमाला गुण आलाय की पर!”

“आज आग कमी झाली, दादा. उद्या पाय सुजतील.”

“आसं न्हाय त्ये,” मागून कुणीतरी ओरडलं. “बाई आता मोठी झाली. मोठ्या कंपनीला इकायचं आसंल. आपल्या गरिबाला कशाला दिती?”

हसू पिकलं. शालन त्या आवाजाकडं वळली. ती उत्तर द्यायला तोंड उघडणार तोच सिद्राम दुकानाच्या पायरीवर चढला. डावा हात बरगडीखाली होताच.

“मला वळखता का कुणी?”

“सिद्रामदादा की रिंग खात्यातलं,” कुणी म्हणालं.

“ही माजी पोरगी.” त्याचा आवाज गिरणीतला होता, यंत्रावरून पलीकडं जाणारा, अर्धा बाजार वळून बघू लागला. “माज्या पोटात अल्सर हाय. चार वरीस झालं. दवाखान्यातल्या फोटूत दिसलाय. डांबरावानी काळं परसाकडं झालंय दोनदा. घरात आसं वाकून बसतो, ही बगती. हिच्याकडं त्या उंदरांच्या औषदाची बाटली हाय, कपाटात. ह्या बाजारात त्येचं पयलं मागणं कुणाचं? माजं का तुमचं?”

घोळका पायरीजवळ सरकला.

“एक थेंब दिला न्हाय हिनं मला. हिची आई म्हनली दे, तरी दिला न्हाय. मी मोरीवर हात धूत व्हतो, समदं ऐकलं.” त्यानं श्वास घेतला. “त्या दिशी मला कळलं की माजी पोरगी काय हाय. जी बापाला फसवत न्हाय, ती तुमाला फसवंल व्हय? आरं, जवा त्ये औशीद खरं व्हईल तवा पयला मीच पिणार हाय. मी प्यालेला दिसलो, की मग या बाटल्या घिऊन. तवर न्हाय.”

तो पायरीवरून उतरला आणि शालनशेजारी येऊन उभा राहिला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मान ताठ झाली होती, दोन्ही एकदमच.

मागवाल्यानं आपली काढ्याची बाटली दुकानाच्या फळीवर परत ठेवली. मग दुसऱ्यानं ठेवली. तिप्पण्णा काचेपाशी गेला. कात्रण खळीनं घट्ट बसलं होतं, ते निघेना. तो नखानं खरवडू लागला. फोटोचा तेवढा तुकडा त्यानं जपून सोडवला आणि शालनच्या हातात दिला. “तप्पायितु, बाई,” तो म्हणाला. चूक झाली. “आता ज्यांनी नेलंय त्यांना कसं सांगू?”

“घरोघरी जाऊन सांगावं लागंल, मामा.”

तिप्पण्णानं ते केलं. पुढचे कित्येक दिवस तो दुकान मुलावर सोपवून सायकलवर एमआयडीसीत, गिरण्यांच्या दारांत, पेठांतून फिरत होता आणि मराठीत, कानडीत, जमेल तशा तेलुगूत लोकांना काढा ओतून द्यायला सांगत होता.

म्हाळसाबाई बरी होऊन घरी आली. सूज उतरल्यावर ती काठी टेकत शालनच्या दारात आली आणि उंबऱ्यावर बसली. “चा टाक गं,” ती म्हणाली. शालननं चुलीवर आधण ठेवलं.

प्रयोगशाळेत आता शालनपुढं नेमकं काम होतं. गोड भाग आणि पिवळा भाग, दोन्ही उंदरांना दीर्घकाळ द्यायचे आणि दोन्हींचं सगळं मोजायचं. गोड भागवाले उंदीर पाणी धरून फुगू लागले. पिवळ्या भागवाले तसेच्या तसे राहिले, आणि ॲस्पिरिन दिल्यावर त्यांच्या जठरांचं अस्तरही टिकलं. हत्तुरे सरांनी सगळे आकडे पुन्हा पुन्हा तपासले. “तुझा ‘कदाचित’ आता उंबऱ्यावर आला,” ते म्हणाले. “थोडा ढकल.”

पण सिद्रामचं पोट त्या संशोधनासाठी थांबलं नाही. सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात साच्यापुढं उभा असताना त्याला रक्ताची उलटी झाली आणि तो खाली बसला. जालिंदरनं त्याला पाठीवर घेतलं, गेटपर्यंत पळवलं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन आत्ता, आणि रक्त लागेल. तासाभरात रिंग खात्यातली माणसं बाह्या वर करून व्हरांड्यात रांगेत उभी होती, अंगावर कापसाचे तंतू तसेच. शालननं त्या रांगेकडं बघितलं आणि तिला एकेकाचे पाय धरावेसे वाटले. ऑपरेशन पार पडलं. सिद्राम शुद्धीवर आला तेव्हा त्यानं पहिलं विचारलं, “पाळी कुणी सांबाळली?”

त्याला तिचं औषध कधीच मिळालं नाही. त्याचं त्याला काही वाटलंही नाही. दवाखान्यातल्या नर्सेसना तो आपल्या पोटापेक्षा उंदरांच्या पोटाबद्दलच जास्त सांगायचा.

पुढच्या वर्षी याच कामावरचा शालनचा पीएच.डी.चा प्रबंध पुरा झाला आणि खुली तोंडी परीक्षा ठरली. बनारसहून एक वृद्ध परीक्षक आले. महाविद्यालयाचं सभागृह डॉक्टरांनी, विद्यार्थ्यांनी भरलेलं, आणि मागच्या दोन रांगांत शालनची माणसं: नवीन इरकली लुगडं नेसलेली भीमाबाई, काठी घेतलेली म्हाळसाबाई, जालिंदर, गंध लावून आलेला तिप्पण्णा आणि अंगात ढगळ झालेला कोट घातलेला सिद्राम. शालन तासभर इंग्रजीत बोलली. परीक्षकांनी एकामागून एक प्रश्न विचारले. ती एकदा अडखळली, एकदा म्हणाली की हे मी केलेलं नाही, बाकी सगळ्यांना तिनं ठाम उत्तरं दिली. मागच्या रांगांना शब्द कळत नव्हते. पण ती पडद्याकडं छडी रोखून बोलायची आणि पुढच्या रांगेतले मोठे डॉक्टर माना डोलवायचे, ते त्यांना चांगलं दिसत होतं. तिप्पण्णानं तर पडद्यावर ज्येष्ठमधाच्या कांडीचं चित्र आल्यावर शेजाऱ्याला कोपर मारून सांगितलं, “आमच्या दुकानातली.”

शेवटी अध्यक्षांनी रीतीप्रमाणं विचारलं, “सभागृहात आणखी कुणाला प्रश्न विचारायचा आहे?” हे त्यांनी इंग्रजीतून विचारलं आणि मग मागं बघून मराठीतूनही विचारलं.

सिद्राम उभा राहिला.

भीमाबाईनं त्याचा कोट ओढला. “बसा की खाली! काय करताय?”

“इचारा म्हनले की त्ये,” सिद्राम म्हणाला. सभागृह वळून बघू लागलं. त्यानं घसा साफ केला. “म्या हिचा बाप. गिरणीत हाय. माजा प्रश्न आसा हाय की, ही खळ जाऊ नये म्हून तू पिवळा भाग आदी देतीस. बरूबर. पर ज्येची खळ आदीच गेली, जखम झाली, त्येला नंतर दिला तर ती भरती का?”

पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं. हत्तुरे सरांनी प्रश्न इंग्रजीत करून परीक्षकांना सांगितला. म्हाताऱ्या परीक्षकांनी चष्म्यावरून मागं बघितलं आणि मग शालनकडं. “उत्तर द्या,” ते म्हणाले. “त्यांच्या भाषेत द्या. मला नंतर सांगा.”

शालन टेबलापुढून निघून दोन पावलं पुढं आली. इतका वेळ घट्ट धरलेली छडी तिनं खाली ठेवली.

“ठाव न्हाय, आबा,” ती म्हणाली. त्या सभागृहात व्यासपीठावरून अशी मराठी आजवर कुणी बोललं नव्हतं. “मी राखणीचं शोधलं. भरणीचं अजून बघितलंच न्हाय. आदी पोटात जखम करायची, मग औशीद द्यायचं आन् रोज बगायचं, असा प्रयोग लावावा लागंल. लई दिस लागतील. पर लावणार हाय मी.”

तिनं ते परीक्षकांना इंग्रजीत सांगितलं. त्यांनी मान हलवली, हातातली लेखणी टेबलावर ठेवली आणि उभे राहिले. “माझे प्रश्न संपले,” ते म्हणाले. “डॉक्टर सरवदे, अभिनंदन.”

टाळ्या सुरू झाल्या. मागच्या रांगांत म्हाळसाबाई काठीनं फरशी ठोकत होती. भीमाबाई अजूनही सिद्रामचा कोट ओढत होती, पण हसत होती आणि पदरानं डोळे पुसत होती. सिद्राम मात्र बसायला तयार नव्हता. टाळ्यांच्या आवाजात त्याला नीट ऐकू आलं नव्हतं, तो जालिंदरकडं झुकून विचारत होता, “त्ये काय म्हनले आमच्या शालनला? डाक्टर म्हनले का? पुन्यांदा सांग की.”